आम्लाविरुद्धची तीस वर्षं

१९७५ साली अल्सरने बेजार झालेल्या माणसापुढे तीन वाटा होत्या: दूध, सोडा आणि सुरी.

दूध आणि सोड्याची वाट शिकागोच्या डॉ. बर्ट्रम सिपी यांनी १९१५ मध्ये आखून दिली होती. दर तासाला थोडं दूध आणि मलई, मधल्या वेळात सोड्याची किंवा मॅग्नेशियाची पूड, असं आठवडेच्या आठवडे चालायचं. जठरातलं आम्ल सतत मारत राहिलं की जखम आपोआप भरेल, हा त्यामागचा हिशेब होता. काहींना आराम पडे. काहींच्या रक्तात कॅल्शियम आणि अल्कली इतकं साचे की मूत्रपिंडांवर बेते. दूध आग तेवढ्यापुरती शमवतं, पण त्यातल्या प्रथिनांमुळे आणि कॅल्शियममुळे जठर थोड्या वेळाने जास्तच आम्ल सोडतं, हे पुढे प्रयोगांत दिसलं. पित्त खवळलं की थंड दूध प्यायची आपल्याकडची सवय मात्र टिकून आहे.

सुरीची वाट त्याहून जुनी. २९ जानेवारी १८८१ रोजी व्हिएन्नात थिओडोर बिलरोट यांनी कॅन्सरसाठी जठराचा खालचा भाग कापून उरलेलं जठर आतड्याला यशस्वीपणे जोडलं. त्याच वर्षी पोलिश शल्यविशारद लुडविक रिडिगिअर यांनी तशीच शस्त्रक्रिया अल्सरसाठी केली. पुढची नव्वद-पंचाण्णव वर्षं जगभरचे शल्यविशारद अल्सरच्या रोग्यांची जठरं अर्धी, पाऊण कापत राहिले. १९४३ मध्ये शिकागोच्या लेस्टर ड्रॅगस्टेट यांनी वेगळी युक्ती काढली. जठराला आम्ल सोडायचा हुकूम देणारी व्हेगस नावाची नसच त्यांनी तोडली. या शस्त्रक्रियांनी अल्सर बरे होत, पण अनेकांच्या मागे नवी दुखणी लागत. जेवण झालं की घाम फुटायचा, छाती धडधडायची, जुलाब लागायचे, वजन घटत जायचं. तरीही लोक टेबलावर झोपायला तयार होत, कारण न झोपण्यातला धोका मोठा होता. अल्सरमधून रक्तस्राव झाला किंवा तो फुटला, तर माणूस हाती लागेलच याची खात्री नव्हती.

या साऱ्या उपायांच्या मुळाशी एकच विचार होता. जठरात असतं ते आम्ल हायड्रोक्लोरिक असतं, हे लंडनच्या विल्यम प्राउट यांनी १८२०च्या दशकातच दाखवलं होतं. १९१० मध्ये झाग्रेबचे कार्ल श्वार्झ यांनी त्यावरून सूत्र मांडलं की आम्ल नसेल तर अल्सरही नसतो. सूत्र खोटं नव्हतं. ज्यांच्या जठरात आम्ल तयारच होत नाही, त्यांना असा अल्सर सहसा होत नाही. पण जखम चिघळायला आम्ल लागतं आणि जखम आम्लामुळे होते, ही दोन वेगळी विधानं आहेत. वैद्यकाने ती दोन्ही एकच धरली. १९६४ ते १९९४ या तीस वर्षांत आम्लाला जेरीस आणणारी दोन अप्रतिम औषधं निघाली, आणि त्याच काळात मूळ समज चुकीचा होता हेही सिद्ध झालं. ही कहाणी त्या तीस वर्षांची आहे.

वेल्विनमधला हट्ट

१९६४ मध्ये जेम्स ब्लॅक नावाचे चाळिशीतले स्कॉटिश शास्त्रज्ञ लंडनच्या उत्तरेला असलेल्या वेल्विन गार्डन सिटीत, स्मिथ क्लाइन अँड फ्रेंच या अमेरिकन कंपनीच्या ब्रिटिश प्रयोगशाळेत दाखल झाले. आधीच्या कंपनीत त्यांनी प्रोप्रॅनोलॉल हे हृदयविकारावरचं गाजलेलं औषध घडवलं होतं. त्यामागचा विचार साधा होता. ॲड्रेनॅलिन हृदयाच्या पेशींवर जिथे बसतं, ती जागा दुसऱ्या एखाद्या रेणूने अडवायची. आता त्यांना हाच डाव जठरावर खेळायचा होता. इथे ॲड्रेनॅलिनऐवजी हिस्टामिन होतं.

हिस्टामिन हे शरीरातलंच रसायन जठरातलं आम्ल वाढवतं, हे लव्हिव्हच्या लेऑन पॉपिएल्स्की यांना पहिल्या महायुद्धाच्या काळातच दिसलं होतं. अडचण अशी की हिस्टामिनविरोधी औषधं तोवर बाजारात मुबलक होती. शिंका, खाज, अंगावर उठणाऱ्या गांधी ती थांबवत; आम्ल मात्र थेंबभरही कमी करत नसत. यावरून अनेकांनी निष्कर्ष काढला की आम्लाशी हिस्टामिनचा फारसा संबंध नसावा. ब्लॅक यांनी उलट तर्क केला. हिस्टामिनच्या बसायच्या जागा दोन प्रकारच्या असणार. जुनी औषधं पहिली जागा अडवतात, जठरातली दुसरी जागा मोकळीच राहते. त्या दुसऱ्या जागेला पुढे एच-टू हे नाव मिळालं.

तर्क सुबक होता, पण त्या जागेत बसणारा रेणू कुणीच पाहिला नव्हता. रॉबिन गॅनेलिन, ग्रॅहम ड्युरंट, जॉन एमेट हे रसायनतज्ज्ञ आणि माइक पार्सन्स यांच्यासारखे औषधशास्त्रज्ञ यांच्या तुकडीने हिस्टामिनचाच रेणू घेतला आणि त्याची शेपटी लांबव, कडी बदल, असं करत एकेक नवा रेणू बनवायला सुरुवात केली. प्रत्येक रेणू भूल दिलेल्या उंदराच्या जठरावर तपासला जाई. जठरातून द्रावण सतत वाहतं ठेवायचं आणि त्यातलं आम्ल मोजत राहायचं, ही पद्धत १९५८ मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात एम. एन. घोष या भारतीय संशोधकाने हाइन्झ शिल्ड यांच्यासोबत बसवली होती. घोष पुढे पाँडिचेरीच्या जिपमेरमध्ये औषधशास्त्राचे प्राध्यापक झाले.

चार वर्षांत सुमारे २०० रेणू झाले आणि हाती काही लागलं नाही. फिलाडेल्फियातल्या मुख्यालयाचा धीर सुटत चालला. मग १९६८ मध्ये एक जुना रेणू पुन्हा तपासायला घेतला गेला. तो सुरुवातीलाच बनवला होता आणि आम्ल वाढवतो म्हणून बाजूला टाकला होता. नव्या, अधिक बारकाईच्या चाचणीत दिसलं की तो आम्ल थोडंसं वाढवतो, पण हिस्टामिनची जागाही थोडीशी अडवतो. ब्लॅक यांना हवा असलेला धागा हाच होता. तो धरून १९७२ मध्ये ब्युरिमामाइड जन्मलं. एच-टू ही जागा खरोखर असते, याचा तो पुरावा होता. पण ते पोटातून नीट शोषलं जात नसे, शिरेतून द्यावं लागे. पुढचं मेटियामाइड गोळीच्या रूपात चाललं, अल्सरही भरू लागले, आणि तेवढ्यात काही रोग्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी घसरल्या. रेणूतला गंधकाचा एक अणू त्याला जबाबदार असावा, असा संशय होता. त्या जागी दुसरा गट बसवलेला रेणू तयारच होता. त्याचं नाव सिमेटिडीन.

नोव्हेंबर १९७६ मध्ये सिमेटिडीन ‘टॅगामेट’ या नावाने ब्रिटनमध्ये विक्रीला आलं, पुढच्या वर्षी अमेरिकेत. महिना-दीड महिन्यात बहुतेकांचे अल्सर भरून येऊ लागले. जठर कापायच्या शस्त्रक्रिया झपाट्याने घटल्या. वर्षाला १०० कोटी डॉलरची विक्री गाठणारं हे जगातलं पहिलं औषध ठरलं. ब्लॅक १९७३ मध्येच युनिव्हर्सिटी कॉलेजात प्राध्यापक म्हणून निघून गेले होते. १९८८ मध्ये त्यांना गर्ट्रूड एलिअन आणि जॉर्ज हिचिंग्ज यांच्यासह नोबेल मिळालं.

रॅनटॅकची पिढी

यशाचा वास लागताच प्रतिस्पर्धी धावले. सिमेटिडीनला काही खोडी होत्या. यकृतात इतर औषधांचा निचरा ते अडवायचं, आणि जास्त मात्रेत काही पुरुषांची छाती वाढायची. ब्रिटनच्या ग्लॅक्सो कंपनीत डेव्हिड जॅक यांच्या हाताखालच्या संशोधकांनी मधली कडीच बदलली आणि रॅनिटिडीन तयार केलं. १९८१ मध्ये ते बाजारात आलं. दिवसातून दोनदा घेतलं की पुरे, आणि सिमेटिडीनच्या खोडी जवळजवळ नाहीत. ग्लॅक्सोने किंमत मुद्दाम टॅगामेटपेक्षा चढी ठेवली, तरी ऐंशीचं दशक सरायच्या आत रॅनिटिडीन जगात सर्वाधिक खपणारं औषध झालं.

भारतात त्याची गोष्ट वेगळी घडली. १९७० च्या आपल्या पेटंट कायद्यात औषधाला पेटंट नव्हतं, फक्त ते बनवायच्या पद्धतीला होतं. वेगळ्या पद्धतीने तोच रेणू बनवायची मुभा भारतीय कंपन्यांना होती, आणि त्यांनी ती पुरेपूर वापरली. मुंबईच्या जे. बी. केमिकल्सची ‘रॅनटॅक’ आणि ग्लॅक्सोची ‘झिनटॅक’ ही नावं मराठी घरांत इतकी रुळली की औषधाच्या दुकानात जाऊन लोक ‘ॲसिडिटीची गोळी’ म्हणून तीच मागू लागले.

या औषधाची पुढची गत मात्र चमत्कारिक झाली. रॅनिटिडीनच्या गोळ्यांत एनडीएमए हे कर्करोगाला कारण ठरू शकणारं रसायन सापडल्याचं २०१९ मध्ये जाहीर झालं. साठवणुकीत, विशेषतः उष्णतेत, ते वाढतं असंही दिसलं. एप्रिल २०२० मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी ते बाजारातून पूर्ण काढून घ्यायला सांगितलं. भारताने २०२२ मध्ये अत्यावश्यक औषधांच्या यादीतून त्याचं नाव वगळलं.

स्वीडनमधला पंप

ब्लॅक यांच्या यशात एक फट होती. जठराच्या आम्ल बनवणाऱ्या पेशींना हुकूम तीन ठिकाणांहून येतात: व्हेगस नसेकडून, गॅस्ट्रिन या संप्रेरकाकडून आणि हिस्टामिनकडून. तिन्ही हुकूम शेवटी एकाच यंत्राला चालू करतात. पाण्याच्या मोटरीला तीन बटणं असावीत तसं हे. सिमेटिडीनने त्यातलं सगळ्यात मोठं बटण बंद केलं होतं, बाकीची दोन शाबूत होती. जेवणानंतर आम्लाचा लोट यायचाच. प्रश्न मोटर बंद करायचा होता, आणि ती मोटर काय आहे हे १९७० पर्यंत कुणाला धड माहीत नव्हतं.

बर्कलीत जॉन फोर्ट आणि अलाबामात जॉर्ज सॅक्स यांनी सत्तरच्या दशकात तिचा छडा लावला. पेशीच्या आतल्या पडद्यांवर प्रथिनाचा एक पंप असतो. तो पोटॅशियम आत घेतो आणि हायड्रोजनचे आयन बाहेर ढकलतो. रक्ताच्या तुलनेत दहा लाख पटींहून जास्त तीव्र आम्ल जमेपर्यंत तो ढकलत राहतो. शरीरातलं हे एक अचाट काम आहे, आणि ते करणारा पंप जवळजवळ जठरापुरताच आहे.

तिकडे स्वीडनमध्ये, गोथेनबर्गजवळच्या मोल्नडाल इथे, आस्ट्रा कंपनीच्या हेसले प्रयोगशाळेत १९६७ पासून वेगळ्याच दिशेने खटपट चालली होती. त्यांना पंपाची माहिती नव्हती. आम्ल कमी करेल असा रेणू ते चाचपडत शोधत होते. एक रेणू चांगला चालला, पण क्षयावरचं औषध म्हणून त्याचं पेटंट हंगेरीतल्या एका कंपनीकडे निघालं. त्याच रेणूचं शरीरात होणारं रूप घेतलं, तर ते थायरॉइडला बाधत होतं. ते सुधारून पुढचा रेणू केला, तर प्रयोगातल्या कुत्र्यांच्या रक्तवाहिन्या सुजल्या. प्रकल्प बुडाल्यात जमा होता. मग लक्षात आलं की औषध न दिलेल्या एका कुत्र्यालाही तोच आजार आहे, आणि आजारी कुत्री सगळी एकाच नराची पिल्लं आहेत. दोष औषधाचा नव्हता. दरम्यान १९७७ मध्ये उप्साला इथल्या परिषदेत सॅक्स आणि हेसलेचे लोक एकत्र आले, आणि आपला रेणू नेमका त्या पंपावरच काम करतो हे स्वीडिश मंडळींना कळलं. १९७९ मध्ये ओमेप्रॅझोल बनलं.

या औषधाची तऱ्हा समजून घेण्यासारखी आहे. ओमेप्रॅझोल पोटात पडताना निष्क्रिय असतं. जठरातल्या आम्लाने ते नासू नये म्हणून त्यावर आवरण असतं. ते आतड्यात उतरतं, रक्तात जातं आणि रक्तातून आम्ल बनवणाऱ्या पेशींपर्यंत पोचतं. तिथल्या तीव्र आम्लात त्याचं रूप पालटतं आणि ते पंपाला कायमचं चिकटतं. म्हणजे ज्या आम्लाला मारायचं, तेच आम्ल त्याला जागं करतं. रक्तातून औषध तासा-दोन तासांत नाहीसं होतं, पण अडकलेला पंप मोकळा होत नाही. पेशीला नवा पंप बनवावा लागतो, म्हणून एका गोळीचा परिणाम दिवसभर पुरतो. जो पंप त्या वेळी चालू असेल त्यालाच औषध चिकटतं, आणि पंप जागे होतात ते जेवताना. ही गोळी जेवणाआधी अर्धा तास घ्यायला सांगतात ती यासाठी. पूर्ण परिणाम दिसायला तीन-चार दिवस लागतात. आत्ता पेटलेली जळजळ विझवायचं काम जेल्युसिल-डायजीनसारख्या औषधांचं आहे. ती तयार झालेलं आम्ल मारतात, पंपाला हात लावत नाहीत.

१९८४ मध्ये या औषधावर पुन्हा गदा आली. आयुष्यभर मोठी मात्रा दिलेल्या उंदरांच्या जठरात गाठी दिसल्या आणि माणसांवरच्या चाचण्या थांबल्या. तपासात कळलं की आम्ल पार आटलं की शरीर गॅस्ट्रिन वाढवत नेतं, आणि उंदरांत त्या गॅस्ट्रिनमुळे गाठी होतात. माणसांना द्यायच्या मात्रेत तसं दिसलं नाही आणि चाचण्या पुन्हा सुरू झाल्या. १९८८ मध्ये स्वीडनने ओमेप्रॅझोलला ‘लोसेक’ या नावाने विक्रीची परवानगी दिली. अमेरिकेत ‘लेसिक्स’ या लघवीच्या औषधाशी नावाची गल्लत होऊ लागली, म्हणून तिथे त्याचं ‘प्रायलोसेक’ झालं. मागोमाग लॅन्सोप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल, रॅबेप्रॅझोल अशी भावंडं आली. आज डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दिसणाऱ्या ‘ओमेझ’, ‘पॅन-४०’, ‘पॅन-डी’ या सगळ्या त्याच घराण्यातल्या.

पर्थमधली वाकडी वस्तू

आम्लावरचा विजय असा जवळजवळ पुरा झाला होता. एकच गोष्ट खटकत होती. गोळ्या बंद केल्या की अल्सर परत यायचा. बहुतेकांना वर्षाच्या आत यायचा. डॉक्टर म्हणत, हा जन्माचा आजार आहे, गोळीही जन्मभर घ्या. कारण काय विचारलं तर उत्तर ठरलेलं असे: ताण, धावपळ, तिखट, सिगारेट. भारतातही १९६०च्या दशकात रेल्वेच्या वैद्यकीय सेवेतले एस. एल. मल्होत्रा गहू खाणाऱ्या उत्तरेपेक्षा भात खाणाऱ्या दक्षिणेत अल्सर जास्त का, याचं उत्तर आहारात शोधत होते. जंतूकडे जवळजवळ कुणीच पाहत नव्हतं, कारण आम्लाने भरलेल्या जठरात जंतू जगूच शकत नाहीत असं पाठ्यपुस्तकंच सांगत होती. १९५४ मध्ये अमेरिकेच्या एडी पामर यांनी हजारांहून जास्त रोग्यांच्या जठराचे तुकडे तपासून तिथे जंतू नसतात असा निर्वाळाही दिला होता. जंतू दिसावेत अशी रंगप्रक्रिया त्यांनी वापरली नव्हती.

जून १९७९ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या रॉयल पर्थ हॉस्पिटलात रॉबिन वॉरन या पॅथॉलॉजिस्टने एका रोग्याच्या जठराच्या तुकड्यावर चांदीची रंगप्रक्रिया केली, आणि सुजलेल्या अस्तरावर वाकडे, नागमोडी जंतू ओळीने बसलेले दिसले. पुढची दोन वर्षं त्यांना ते पुन्हा पुन्हा दिसत राहिले. सहकारी हसून सोडून देत. १९८१ मध्ये तिशीतला एक शिकाऊ डॉक्टर विषय शोधत त्यांच्याकडे आला, त्याचं नाव बॅरी मार्शल.

दोघांनी १०० रोग्यांचा अभ्यास हाती घेतला. जंतू प्रयोगशाळेत वाढवायचा प्रयत्न मात्र फसत होता. बशीत दोन दिवसांत काही उगवलं नाही तर ती फेकून द्यायची रीत होती. १९८२ च्या ईस्टरच्या सुट्टीत, इस्पितळात दुसऱ्याच एका जंतूची धावपळ चालू असताना, बशा तशाच राहून गेल्या. पाच-सहा दिवसांनी उघडल्या तर जंतूंच्या वसाहती वाढलेल्या होत्या. हा जंतू सावकाश वाढतो, इतकाच पेच होता. अभ्यासाचा निकाल त्याहून बोलका होता. ड्युओडेनममध्ये, म्हणजे लहान आतड्याच्या सुरुवातीला, अल्सर असलेल्या १३ पैकी १३ जणांत तो सापडला.

आम्लात तो जगतो कसा, याचंही उत्तर मिळालं. त्याच्याकडे युरिएज हे विकर आहे. ते युरियापासून अमोनिया करतं आणि अमोनिया जंतूच्या अवतीभवतीचं आम्ल निवळवतो. आज श्वासावरून या जंतूची तपासणी होते ती याच विकराच्या आधारे. आधी कॅम्पिलोबॅक्टर गणलेल्या या जंतूला १९८९ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी हे नाव मिळालं.

तज्ज्ञांनी दार लवकर उघडलं नाही. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या पोटविकारतज्ज्ञांच्या परिषदेने मार्शल यांचा निबंध नाकारला. ग्रीसमधल्या मिसोलोंगीच्या जॉन लिकुडिस यांच्या वाट्याला याहून वाईट आलं होतं. १९५८ पासून ते अल्सरवर प्रतिजैविकं देत होते आणि रोग्यांची रीघ लागत होती, पण त्यांचा लेख छापला गेला नाही आणि शिस्तपालन समितीने त्यांना दंड केला.

जंतूमुळेच जठर सुजतं हे सिद्ध करायला प्राण्यांवरचे प्रयोग जमेनात, तेव्हा १९८४ मध्ये मार्शल यांनी जंतूंचं द्रावण स्वतःच पिऊन टाकलं. काही दिवसांत पहाटे उलट्या सुरू झाल्या, तोंडाला दुर्गंधी येऊ लागली. दहाव्या दिवशी दुर्बीण घातली तर निरोगी जठर सुजलेलं होतं आणि त्यात जंतू होते. ही घटना सांगताना बरेच जण त्यांना अल्सर झाल्याचं सांगतात. तसं झालं नाही. त्यांना जठरदाह झाला. जंतू जठर सुजवतो एवढंच त्या घोटाने दाखवलं.

अल्सरचा खरा पुरावा चार वर्षांनी आला, आणि तो फारसा कुणाच्या लक्षात राहिलेला नाही. १९८८ मध्ये मार्शल, वॉरन आणि सहकाऱ्यांनी ड्युओडेनल अल्सरच्या १०० रोग्यांवरची चाचणी ‘लॅन्सेट’मध्ये छापली. काहींना सिमेटिडीन, काहींना बिस्मथ, आणि दोन्ही गटांत काहींना टिनिडॅझोल हे प्रतिजैविक दिलं होतं. ज्यांच्यातला जंतू टिकून राहिला, त्यांच्यापैकी ८४ टक्क्यांचा अल्सर वर्षभरात परतला. ज्यांच्यातला जंतू गेला, त्यांच्यापैकी २१ टक्क्यांचा. बिस्मथने बरे झालेले अल्सर सिमेटिडीनने बरे झालेल्यांपेक्षा कमी उलटतात, हे कोडंही सुटलं. बिस्मथ जंतू मारतं. फेब्रुवारी १९९४ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या समितीने जाहीर केलं की जंतू आढळलेल्या अल्सरच्या रोग्याला प्रतिजैविकं द्यावीत. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने या जंतूला जठराच्या कॅन्सरचं कारण ठरवलं, आणि त्याच वर्षी टॅगामेटचं अमेरिकेतलं पेटंटही संपलं. वॉरन आणि मार्शल यांना नोबेल मिळालं ते २००५ मध्ये.

हिशेब

या तीस वर्षांवरून औषध कंपन्यांनी सत्य दडपलं असा निवाडा देणं सोपं आहे, पण तो पुराव्यात बसत नाही. ब्लॅक आणि हेसलेच्या लोकांनी आपल्यापुढचा प्रश्न चोख सोडवला. चूक झाली ती वेगळ्या ठिकाणी. आम्ल कमी केलं की जखम भरते, यावरून आम्लच दोषी असं सगळ्यांनी धरलं. औषध लागू पडलं म्हणून रोगाचं कारण सापडलं असं होत नाही. उलट औषध जितकं गुणकारी, तितकी कारण शोधायची निकड कमी होते. दूध-सोड्याने रोगी हैराण असताना लोक कारण शोधत होते. टॅगामेटने आराम पडू लागल्यावर बहुतेकांनी शोध थांबवला.

तरीही आम्लाविरुद्धची औषधं वाया गेली नाहीत. जंतू मारायच्या उपचारात दोन किंवा तीन प्रतिजैविकांसोबत ओमेप्रॅझोलच्या घराण्यातलं औषध सहसा लागतं, कारण आम्ल कमी असलं की प्रतिजैविकं नीट काम करतात. वेदनाशामक गोळ्यांनी होणारा अल्सर जंतूशिवायही होतो, आणि तिथेही हेच औषध जठराला राखतं.

घशाशी येणं, छातीत जळजळ होणं, हा आजार तर या औषधांच्या हक्काचा. अन्ननलिकेवर आम्लाने होणारी इजा न्यू यॉर्कच्या ॲशर विंकलस्टीन यांनी १९३५ मध्ये नोंदवली होती. इथे आम्ल सहसा जास्त नसतं, ते चुकीच्या जागी असतं. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधली झडप सैल पडते आणि जठरातलं वर चढतं. ओमेप्रॅझोल, पॅन्टोप्रॅझोल त्या आम्लाची धार बोथट करतात, भाजलेली अन्ननलिका भरून येते. झडप मात्र सैल ती सैलच राहते, म्हणून गोळी सुटली की अनेकांना त्रास पुन्हा होतो. शिवाय दबलेले पंप गोळी थांबताच जोराने उसळतात. डेन्मार्कमधल्या, २००९ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत जठराची काहीच तक्रार नसलेल्या माणसांना आठ आठवडे हे औषध देऊन थांबवलं, तेव्हा ४४ टक्क्यांना जळजळ, आंबट ढेकर असा त्रास झाला. खोटी गोळी घेतलेल्यांत हे प्रमाण १५ टक्के होतं. गोळी सोडल्यावर होणारी जळजळ म्हणजे दर वेळी जुना आजारच असतो असं नाही.

भारतात निम्म्याहून जास्त प्रौढांच्या जठरात हा जंतू राहतो. त्यातल्या बहुतेकांना कधीच अल्सर होत नाही, त्यामुळे प्रत्येकाची तपासणी करून औषध द्यायची गरज नाही. पण ज्याला अल्सर निघाला, त्याची जंतूची तपासणी व्हायलाच हवी. प्रतिजैविकांचा पूर्ण कोर्स घ्यायला हवा, कारण अर्ध्यावर सोडलेल्या कोर्सांनी आणि मेट्रोनिडॅझोल, क्लॅरिथ्रोमायसिनच्या सैल वापराने आपल्याकडचे जंतू या औषधांना जुमानेनासे झाले आहेत. उपचारानंतर जंतू गेला की नाही, हेही पुन्हा तपासावं.

आपल्या घरात कुणी रोज सकाळी पॅन-४० घेत असेल, तर ती कुणी, कशासाठी आणि किती दिवसांसाठी लिहून दिली होती, हे डॉक्टरांना एकदा विचारा. गिळताना अडकत असेल, वजन उतरत असेल, शौच डांबरासारखं काळं होत असेल, तर गोळी बदलत बसू नका. दुर्बिणीने तपासणी करून घ्या.